सगळे वर बघतात तेव्हा...

एअर शो बोटीतून बघायचा म्हणजे फुल टू धमाल! पण त्या धमालीत बोटीवरच्या एकाने तरी पाण्याकडे बघत राहावं लागतं. शिकागोच्या लेक मिशिगनवर ही ड्यूटी माझ्या वाट्याला आली, तीही नेमकी नको त्या वेळी!

'शी! या लाइफ जॅकेटमध्ये फोटो कसला घाण येतोय!'

त्या दिवशीची माझी सगळ्यात मोठी चिंता ही होती. तारीख १० ऑगस्ट २०२४, शनिवार. स्थळ शिकागो. मी सुट्टीसाठी मावसभावाकडे गेले होते आणि दादाने सरप्राइज दिलं होतं. 'शिकागो एअर अ‍ॅण्ड वॉटर शो' बघायचा, आणि तोही किनाऱ्यावरच्या गर्दीत उभं राहून नाही, तर चक्क बोटीतून! बोट दादाच्या ऑफिसातल्या एका सीनिअरची. चोवीस फुटी, पांढरीशुभ्र. पन्नाशीचा हा गृहस्थ ऑफिसात म्हणे एकदम गरीब गाय. पण बोटीवर पाय ठेवला की त्याचा कॅप्टन होतो. आम्हीही त्याला दिवसभर कॅप्टनच म्हणत होतो.

मी मस्तपैकी पांढरा टॉप, मोठ्ठा गॉगल वगैरे घालून तयार. वहिनीने बटाटेवडे बांधून घेतलेले. नऊ वर्षांची भाची तर आदल्या रात्री झोपलीच नव्हती. आणि बोटीत चढल्या चढल्या कॅप्टनने सगळ्यांच्या हातात ही भडक नारिंगी जॅकेट्स कोंबली.

'पण मला पोहता येतं,' मी म्हटलं.

'डोक्याला मार लागून पडलीस तरी येतं?' त्याने शांतपणे विचारलं. मी गपगुमान जॅकेटचे बंद आवळले.

८८ डॉलरचा शो

आधी या शोविषयी थोडंसं. १९५९ साली शिकागोच्या पार्क डिस्ट्रिक्टने मुलांच्या शिबिरासाठी एक छोटासा कार्यक्रम केला होता. बजेट किती? फक्त ८८ डॉलर! त्याचाच वाढत वाढत आजचा एअर शो झाला. नॉर्थ अ‍ॅव्हेन्यू बीच हे त्याचं केंद्र. तिकीट नाही, त्यामुळे किनाऱ्यावर तोबा गर्दी. शहराच्या टोलेजंग इमारती मागे आणि समोर लेक मिशिगन. नावाला लेक, पण लांबी सुमारे ४९० किलोमीटर आणि रुंदी जिथे सगळ्यात जास्त तिथे सुमारे १९०! पलीकडचा काठ दिसतच नाही. आपल्या मरीन ड्राइव्हवर जानेवारी २०२४ मध्ये हवाई दलाचा एअर शो झाला तेव्हा ऑफिसातून लंच टाइमला पळालेल्यांना थोडीफार कल्पना येईल. फरक एवढाच, की शिकागोत किनाऱ्याइतकीच गर्दी पाण्यातही असते. छोट्या स्पीडबोटी, शिडाच्या होड्या, आलिशान यॉट, कयाक, जेट स्की... सगळे एकाच दिवशी, एकाच जागी.

आणि सगळ्यांच्या माना वर!

गंमत अशी, की एअर शो म्हटलं की आपल्याला धोका फक्त आकाशात दिसतो. विमान पडलं तर? पण खाली काय चाललंय याचा विचारच कुणी करत नाही. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईच्या मरीना बीचवर हवाई दलाचा शो झाला. वर सगळं व्यवस्थित पार पडलं. खाली ऊन आणि गर्दीत पाच जणांचा जीव गेला. पाण्यावर तर हे 'खाली' आणखी बेभरवशाचं. तिथे पायाखाली जमीनच नसते.

बॉक्सच्या आत नो एण्ट्री

बर्नहॅम हार्बरहून निघून आम्ही नेव्ही पिअर मागे टाकून उत्तरेकडे गेलो. कॅप्टनच्या रेडिओवर अधूनमधून खरखर चालू होती. हा व्हीएचएफ रेडिओ. त्यावरचं चॅनल १६ जगभर मदत मागण्यासाठी आणि महत्त्वाच्या सूचनांसाठी राखलेलं असतं. शोच्या दिवशी कुठपर्यंत यायचं आणि कुठे नाही, याच्या सूचना कोस्ट गार्ड रेडिओवरच देतं.

कारण पाण्याचा एक मोठा चौकोन त्या दिवशी सगळ्यांसाठी बंद असतो. कोस्ट गार्ड त्याला 'सेफ्टी झोन' म्हणतं. वैमानिकांच्या भाषेत त्याच्यावरच्या हवेतला तुकडा म्हणजे 'अ‍ॅरोबॅटिक बॉक्स'. विमानांच्या कसरती या बॉक्समध्ये होतात आणि त्याच्याखाली शोशी संबंध नसलेलं कुणीही असता कामा नये. कडेने कोस्ट गार्ड आणि पोलिसांच्या बोटी गस्त घालत असतात.

'एवढ्या लांबून काय दिसणार?' मी कुरकुरले. मग दादाने गणित समजावलं. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचा नियमच आहे. विमानाचा वेग जितका जास्त, तितका प्रेक्षक लांब. छोट्या, हळू विमानांच्या उड्डाणरेषेपासून किमान ५०० फूट, मधल्यांपासून १००० आणि वेगवान जेट्सपासून १५०० फूट. म्हणजे जवळजवळ अर्धा किलोमीटर! वेगात असलेल्या विमानाचं काही बिनसलं तर त्याचे तुकडे त्याच वेगाने पुढे जातात. म्हणून अंतर ठेवायचं, आणि विमानाची झेप प्रेक्षकांच्या दिशेने वळेल अशी कसरत करायचीच नाही.

हे सगळं कागदावरचं वाटतं ना? एप्रिल २०२१ मध्ये फ्लोरिडातल्या कोको बीचच्या शोमध्ये दुसऱ्या महायुद्धातलं एक जुनं अ‍ॅव्हेंजर विमान बिघडलं आणि वैमानिकाने ते किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात उतरवलं. आसपास लोक डुंबत होते! सुदैवाने कुणाला काही झालं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मिशिगनमधल्या शोत एका मिग-२३ मधून दोघांना पॅराशूटने उडी घ्यावी लागली. विमान इमारतींच्या पार्किंगमध्ये कोसळलं. दोघेही पडले बेलव्हिल नावाच्या तलावात. त्यांना बाहेर काढायला धावून गेले ते तलावात बोटी घेऊन आलेले साधे लोक. म्हणजे बोटवाल्यांनी लांब राहायचं हे खरं, पण वेळ आली तर मदतीलाही तयार राहायचं!

आणि एखाद्या शहाण्याने बोट बॉक्समध्ये घुसवली तर? वरचा शो थांबवावा लागतो. एका सेल्फीसाठी किनाऱ्यावरच्या सगळ्या पब्लिकचा खोळंबा.

वीस मिनिटांची ड्यूटी

झोनच्या बाहेर, बोटींच्या गर्दीपासून थोडी फटकून कॅप्टनने नांगर टाकला. इंजिन बंद केलं. मग त्याने नियम सांगायला सुरुवात केली. अगदी एअर होस्टेसच्या थाटात!

नियम एक : जॅकेट काढायचं नाही. नियम दोन : बोट चालवणारा बिअरला हात लावणार नाही. तिथे गाडीला जो कायदा तोच बोटीला. ऊन, हेलकावे आणि इंजिनाचा आवाज यांनी माणूस आधीच दमलेला असतो, त्यात बिअर लवकर चढते. नियम तीन : विमान कुठल्याही बाजूला दिसू दे, सगळ्यांनी उठून त्या बाजूला धावायचं नाही.

हा तिसरा नियम ऐकला आणि मला आदल्या दिवशीचा रिव्हरवॉक आठवला. शिकागो नदीच्या काठी, क्लार्क स्ट्रीट आणि लासाल स्ट्रीटच्या मध्ये 'ईस्टलॅण्ड' जहाजाची आठवण जपली आहे. २४ जुलै १९१५ ला एका कंपनीच्या पिकनिकला निघालेलं हे जहाज धक्क्याला बांधलेलं असतानाच कलंडलं. ८४४ माणसं गेली. तीही शहराच्या भरवस्तीत, काठापासून हाकेच्या अंतरावर! जहाज मुळातच वरच्या बाजूला जड होतं. पिकनिकला निघालेले ते लोक म्हणजे आपल्यासारखेच नोकरदार आणि त्यांची कुटुंबं. वर्षातून एकदा मिळणाऱ्या सुट्टीसाठी नटूनथटून आलेले. आमची चोवीस फुटी बोट त्या मानाने खेळणंच. सात जण एका बाजूला गेलो असतो तर काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको.

नियम चार मात्र मला भलताच विचित्र वाटला. दर वीस मिनिटांनी एक जण 'लुकआऊट'. त्याने विमानं बघायची नाहीत. फक्त पाणी बघायचं. चारी बाजूंनी.

'वीस मिनिटं? पाण्यात काय बघायचं?' मी विचारलं.

'तेच तर बघायचं,' कॅप्टन म्हणाला.

नंतर वाचलं तेव्हा कळलं, की हा काही त्याचा लहरीपणा नव्हता. समुद्रातल्या टकरी टाळण्यासाठी १९७२ साली आंतरराष्ट्रीय नियमावली झाली. तिचा पाचवा नियम सांगतो, की प्रत्येक बोटीने सतत डोळ्यांनी आणि कानांनी पहारा ठेवायलाच हवा. आणि अमेरिकी कोस्ट गार्डच्या २०२३ च्या आकडेवारीत बोटींच्या अपघातांची पहिली दोन कारणं काय आहेत माहितीये? चालवणाऱ्याचं लक्ष नसणं आणि नीट पहारा नसणं! त्या वर्षी तिथे बोटींच्या अपघातांत ५६४ माणसं गेली. मृत्यूचं कारण समजलेल्यांपैकी ७५ टक्के बुडून. आणि त्या बुडालेल्यांपैकी ८७ टक्के लोकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं.

माझ्या भडक नारिंगी जॅकेटचा मला तेव्हापासून राग येत नाही.

आणि ब्लू एंजल्स आले...

शो सुरू झाला. पॅराट्रूपर्स, जुनी विमानं, हेलिकॉप्टर... वडे संपले. दादाची ड्यूटी झाली, वहिनीची झाली. आणि माझा नंबर कधी लागावा? नेमके ब्लू एंजल्स आले तेव्हा! अमेरिकी नौदलाची ही टीम म्हणजे शोचे शाहरुख खान. निळी-पिवळी सहा सुपर हॉर्नेट विमानं. काही कसरतींत दोन विमानांमध्ये फक्त १८ इंच अंतर.

'दादा, बदल ना प्लीज,' मी गयावया केली.

'ड्यूटी म्हणजे ड्यूटी,' दादा कॅमेरा वर रोखत म्हणाला.

बसले मग पाण्याकडे तोंड करून. डोक्यावर आकाश फाटल्यासारखा आवाज. भाची ओरडतेय, 'आत्या, वर बघ! आत्या, वर बघ ना!' आणि मी बघतेय हिरवट पाणी. आजूबाजूच्या बोटींवरही सगळ्या माना वर. एका बोटीत तर पोरं पुढच्या टोकावर उभी, हातात फोन, पाय काठाशी.

मग कुठूनसं, पूर्वसूचना न देता, एक विमान आमच्या पाठीमागून आलं. याला 'स्नीक पास' म्हणतात. सगळे दुसरीकडे बघत असताना एक विमान गुपचूप, अगदी खालून, ताशी सुमारे ११०० किलोमीटर वेगाने निघून जातं. आवाज पोहोचतो तेव्हा विमान पुढे गेलेलं असतं. किंकाळ्या, मग हशा. मी दचकून बाक घट्ट धरला. बोटीच्या टोकावरची ती पोरं लडखडली. एक जण पडता पडता वाचला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्याच गडबडीत वारा फिरला. शेजारची मोठी बोट नांगरावर झुलत झुलत आमच्याकडे सरकायला लागली. कॅप्टनच्या ते लक्षात आलं आणि जागा बदलायला तो इंजिनाच्या चावीकडे वळला.

तेवढ्यात मला ते दिसलं. आमच्या बोटीच्या मागच्या शिडीपासून हातभर अंतरावर एक डोकं. दहा-अकरा वर्षांचा मुलगा. शेजारच्या बोटीतून पाण्यात उतरला होता. पाठीवर उताणा, विमानांकडे बघत निवांत तरंगत होता. आमच्या इंजिनाच्या पंख्याच्या अगदी वर.

'स्टॉप!' मी ओरडले. जेट्सच्या आवाजात काय ऐकू जाणार? मी कॅप्टनचा दंडच धरला आणि मागे बोट दाखवलं. त्याने चावी काढून खिशात टाकली. मग मागे जाऊन त्या मुलाला हाक मारली. पोरगा हसत हसत हात हलवून आपल्या बोटीकडे पोहत गेला. त्याच्या घरच्यांच्या माना अजून वरच होत्या.

बस्स. एवढंच झालं. म्हणजे काहीच झालं नाही. पण माझे हात पुढची दहा मिनिटं थरथरत होते. कॅप्टन काही बोलला नाही. नंतर इंजिन सुरू करण्याआधी त्याने बोटीवरची डोकी मोजली, मागे जाऊन पाण्यात वाकून बघितलं, मग चावी लावली.

रात्री दादाने सांगितलं, की २०२२ च्या ऑगस्टमध्ये, एअर शोच्या आदल्याच आठवड्यात, ओक स्ट्रीट बीचसमोर बोटी नांगरून पार्टी करतात त्या 'प्लेपेन'मध्ये एक बोट रिव्हर्स येताना पंख्यात सापडून एका तरुणीला दोन्ही पाय गमवावे लागले होते. ती तर फक्त तराफ्यावर पहुडली होती. हे दादाने मला आधी सांगितलं नव्हतं, हे बरंच झालं.

शो संपतो, धोका नाही

शो संपला तसे सगळेच एकदम निघाले. ठाणे स्टेशनला संध्याकाळी सहा वाजता उतरल्यासारखं! मोठ्या बोटींच्या लाटांनी छोट्या बोटी नाचायला लागल्या. कॅप्टन मात्र चक्क सॅण्डविच खात बसला. तासभर. हार्बरचं तोंड मोकळं झाल्यावरच नांगर उचलला. दिवसभर ऊन खाल्लेली, दमलेली, थोडीफार प्यायलेली आणि घरी जायची घाई झालेली माणसं एकाच वेळी सुकाणू धरतात, ती वेळ त्याला सगळ्यात नकोशी वाटते म्हणे.

मुंबईत आल्यावर ही सगळी स्टोरी मी मित्रमैत्रिणींना रंगवून सांगितली. सगळे हसले. 'ब्लू एंजल्स आले आणि तू पाणी बघत बसलीस?' मीही हसले.

मग १८ डिसेंबर २०२४ उजाडला.

गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली. त्या स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि ती नियंत्रणाबाहेर गेली. १५ जणांचा जीव गेला. एका प्रवाशाने मोबाइलवर काढलेला तो व्हिडिओ तुम्हीही बघितला असेल. पाण्यावर गरगर वळणारी स्पीडबोट बघणाऱ्याला आधी एखादा स्टंटच वाटते. आणि मग ती सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने येते.

तो व्हिडिओ मी एकदाच बघितला. पुन्हा बघवला नाही.

त्या प्रवाशांची काहीच चूक नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवं. लुकआऊट असता तरी ती टक्कर टळली असती असं मी म्हणणार नाही. पण वाचलेल्यांपैकी अनेकांनी सांगितलं, की त्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. टक्कर कुणाच्या हातात नसते, जॅकेट असतं. नौदल, कोस्ट गार्ड, सागरी पोलिस आणि आसपासच्या बोटी धावल्या म्हणून कितीतरी जण वाचले. त्या अपघातानंतर गेटवेच्या लाँचवर जॅकेट सक्तीचं झालं.

मध्यंतरी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर घारापुरीला गेले. लाँचवर सगळ्यांना जॅकेट्स मिळाली. अर्ध्या वाटेत एकीने बंद सोडायला घेतले. फोटो घाण येतो म्हणून! मी काही बोलले नाही, फक्त तिचे बंद पुन्हा आवळले. आणि बाकीच्या सीगल्सना वेफर्स टाकत होत्या तेव्हा मी पाण्याकडे बघत बसले. वीस मिनिटं. मग मैत्रिणीला म्हटलं, 'चल, आता तुझी ड्यूटी.'

तिने आधी वेड्यात काढलं. मग गॉगल डोक्यावर सरकवला आणि पाण्याकडे तोंड करून बसली.

ब्लू एंजल्सचा माझ्याकडे एकही फोटो नाही. नारिंगी जॅकेटमधला मात्र आहे. घाणच आलाय!

बोटीतून शो बघायचाय? मग हे करा...

* जॅकेट अंगात घाला, सीटखाली ठेवू नका. पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही. लहान मुलांना मुलांच्याच मापाचं हवं. खांद्याला धरून वर ओढून बघा, हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं होतंय.

* निघण्याआधी घरी किंवा मित्राला सांगा : कुठली बोट, किती जण, परत कधी.

* बंद केलेल्या पाण्याच्या हद्दीत जाऊ नका. गस्तीच्या बोटीने हात केला की वाद न घालता मागे फिरा.

* बसून बघा. उभं राहायचंच असेल तर एक हात बोटीला धरलेला हवा. सगळ्यांनी एका बाजूला गोळा होऊ नका.

* इंजिन चालू असताना बोटीच्या मागच्या बाजूला पोहू नका. पंख्याचा धोका आहेच, शिवाय धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

* इंजिन सुरू करण्याआधी डोकी मोजा आणि मागे वाकून बघा.

* छोट्या स्पीडबोटीवर 'किल स्विच'ची दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली हवी. तो पाण्यात पडला की इंजिन आपोआप बंद होतं.

* बोट चालवणारा प्यायलेला असेल तर चढू नका. पैसे बुडाले तरी चालतील.

* पाणी, टोपी, सनस्क्रीन. पाण्यावर ऊन वरूनही लागतं आणि खालूनही.

* आपल्या समुद्रात संकट आलं तर कोस्ट गार्डचा फोन नंबर १५५४. आत्ताच सेव्ह करा.

* आणि हो, वीस-वीस मिनिटांची ड्यूटी वाटून घ्या. ब्लू एंजल्सच्या वेळेची कुणाची, यासाठी आधीच चिठ्ठ्या टाका!